येशूला मानले, पण बुद्धी गहाण ठेवली नाही

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी आधी दात पाहतो. मग खूर पाहतो, चार पावले चालवून बघतो. विकणारा कितीही शपथा घेवो, घेणारा ऐकत नाही. हाच माणूस घरी आला, की धर्माच्या बाबतीत मात्र वाडवडिलांनी सांगितले म्हणून मान डोलावतो. धर्म काय बैलापेक्षा स्वस्त आहे?

हे आज काढण्याचे कारण असे. आपली मुले-मुली आळेफाटा, नारायणगाव, पुणे इथल्या कॉलेजांत जाऊ लागली आहेत. तिथे तऱ्हेतऱ्हेची माणसे भेटतात. कुणी हातात 'नव्या करारा'ची छोटी पुस्तिका ठेवतो, कुणी देवच नाही म्हणतो. मुलगी घरी येऊन विचारते, "आई, ख्रिस्ती लोक एवढे शिकलेले, शाळा-दवाखाने काढणारे, मग चमत्कारांवर विश्वास कसा ठेवतात?" त्यावर "गप बस, आपण बौद्ध आहोत" हे काही उत्तर झाले नाही. 'गप बस' हे तर बौद्धाच्या तोंडी शोभणारे वाक्यच नव्हे.

मोठमोठ्या विद्यापीठांतही हा प्रश्न सुटलेला नाही. २००८ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात गणिताचे प्राध्यापक जॉन लेनॉक्स आणि जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स समोरासमोर आले होते. दोघेही विज्ञानाचे अभ्यासक. एक श्रद्धावान ख्रिस्ती, दुसरा कट्टर निरीश्वरवादी. लोकांनी दोघांचेही ऐकून घेतले.

आपल्या महाराष्ट्रात तर हे फार पूर्वी सुरू झाले. स्कॉटलंडहून आलेले मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा मुंबईत १८३१ साली जाहीर वाद झाला. हेच विल्सन पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे वाद मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर झाले. पण या वादांची एक गंमत अशी, की दोन्ही बाजूंनी बुद्धीची काठी दुसऱ्याच्या ग्रंथावर उगारली. स्वतःचा ग्रंथ मात्र फडक्यात गुंडाळून ठेवला.

तो फडका सोडला एका बाईने. पंडिता रमाबाई त्यांचे नाव. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवले आणि आईने मुलीला. पुढे दुष्काळाने घर उद्ध्वस्त केले. शास्त्राप्रमाणे दानधर्म, उपासतापास, तीर्थयात्रा सगळे झाले होते, तरी आईवडील अन्नावाचून गेले. कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना 'सरस्वती' ही पदवी दिली. पण जसजसे ग्रंथ वाचले, तसतसे त्यांच्या ध्यानात आले की बाकी बाबतींत शास्त्रकारांचे पटत नसले तरी बायका आणि शूद्र हीन आहेत, यावर त्यांचे छान पटते! १८८० साली त्यांनी जातीबाहेर, बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलांशी लग्न केले. दोनच वर्षांत ते वारले. पदरात लहानगी मनोरमा.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला. इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पुढची गोष्ट कमी जणांना ठाऊक आहे, आणि आपल्या कामाची ती हीच आहे.

मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना वाटले, बाई ख्रिस्ती झाली, आता सांगू ते ऐकेल. पण रमाबाई प्रश्न विचारीतच राहिल्या. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन मिळून एक देव कसे? येशू हा देवच, हे कशावरून? येशूचा जन्म कुमारिकेच्या पोटी झाला, हे मानलेच पाहिजे काय? एकाच येशूची ही इतकी चर्चेस कशाला, आणि त्यांतल्या कुणाचे खरे धरायचे? गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. त्या म्हणाल्या, लॅटिन माझ्या देशातल्या माणसांना कळत नाही, अक्षरे संस्कृत का नसावीत? मांसाहार त्यांनी केला नाही, त्यावरही कुरबुर झाली. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे असे निघाले, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवणे त्यांना बरे दिसेना! रमाबाईंनी पत्रातून साफ कळवले, की एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली आहे, ती दुसऱ्या जोखडाखाली देणार नाही. माझ्या सदसद्विवेकाला पटेल तेच मी मानीन.

परक्या देशात, दुसऱ्याच्या अन्नावर, पदरी पोर असताना हे बोलायला छाती लागते. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांना मात्र याचा राग आला नाही. त्यांनी एकेका शंकेवर पत्राने चर्चा केली. शिकवणारी बाई असावी तर अशी.

खरे ते सांगायचे तर रमाबाईंची श्रद्धा पुढे भावनेकडे झुकली. १९०५ साली त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली रडत, ओरडत प्रार्थना करू लागल्या. ते आमच्यासारख्याच्या बुद्धीला पटत नाही. पण याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ ग्रंथावरून साध्या मराठीत बायबल उतरवले. छपाईचे काम आश्रमातल्या मुलीबायकांनीच केले. रमाबाई १९२२ साली गेल्या; संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. ग्रंथ भट-पाद्र्याच्या हातून बाईच्या हातात आला, ही गोष्ट लहान नव्हे.

रमाबाईंवर चहूकडून टीका होत असता जोतिराव फुले यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. जोतिराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, मिशनऱ्यांचे उपकार मानणारे, तरी ख्रिस्ती झाले नाहीत. जुन्नर तालुक्यातल्याच ओतूरला सत्यशोधकांनी भटावाचून लग्न लावले, जोशी कोर्टात गेले, हे जुन्या माणसांनी ऐकलेले असेल. त्या जोतिरावांचे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' १८९१ साली निघाले. त्यात एका घरात बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, आणि सगळी प्रेमाने नांदत आहेत असे चित्र आहे. आपल्या घरात तेवढे होईल काय, हे ज्याचे त्याने बघावे!

बाबासाहेबांनीही ख्रिस्ती धर्माकडे पाठ फिरवून निर्णय केला नाही. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना, बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्ती आपल्याला विचारात घ्याव्याशा वाटतात, असे ते म्हणाले. त्याच भाषणात दक्षिणेतल्या चर्चमधील जातिभेदावर त्यांनी बोट ठेवले. पुढे १९५० साली कलकत्त्याच्या 'महाबोधी' मासिकातल्या लेखात त्यांनी फरक उघड करून दाखवला. येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटले आणि तसे मानणे ही तारणाची अट ठेवली. बुद्धाने स्वतःला केवळ मार्ग दाखवणारा म्हटले, आणि आपले सांगणेही तपासून घ्यायला सांगितले.

तेव्हा मुलीने हातातली पुस्तिका आणली, तर ती फाडू नये. वाचू द्यावी, आपणही वाचावी, आणि तिच्या प्रश्नांची यादी होऊ द्यावी. केडगाव पुणे-दौंड रेल्वेमार्गावर आहे. मुक्ती मिशन आजही चालू आहे. सवडीने एकदा तिला तिकडे घेऊन जावे, आणि तिथल्या ताईंना तिचे तिलाच विचारू द्यावे.