मधले क्रमांक कुठे गेले?

आपल्या शाळेचे जनरल रजिस्टर आठवा. दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाला पुढचा क्रमांक मिळतो आणि मूल शाळा सोडून गेले तरी तो दुसऱ्याला देत नाहीत. डेटाबेस म्हणजे संगणकातली नोंदवही. तीही असेच क्रमांक आपोआप देते. फरक इतकाच, की तिच्यात एकाच वेळी अनेक जण लिहीत असतात.

समजा, बालकांच्या वजनाची नोंद एका मध्यवर्ती संगणकावर होते. जव्हारहून तीन नावे एकदम आली, लगोलग मोखाड्याहून दोन. संगणकाने जव्हारला १०१ ते १०३ आणि मोखाड्याला १०४ व १०५ हे क्रमांक दिले. तेवढ्यात जव्हारचा संपर्क तुटला आणि तिथली अर्धवट नोंद रद्द झाली. तीच नावे पुन्हा पाठवल्यावर त्यांना १०६ ते १०८ क्रमांक मिळाले. १०१ ते १०३ मात्र रिकामेच राहिले!

ही चूक नव्हे. क्रमांक वाया जाऊ द्यायचे नसतील, तर जव्हारची नोंद पक्की होईपर्यंत मोखाड्याला ताटकळावे लागेल. म्हणून मायएसक्यूएल (इनोडीबी पद्धतीत) आणि पोस्टग्रेस हे डेटाबेस दिलेला क्रमांक परत घेत नाहीत. तेव्हा शेवटचा क्रमांक १०८, म्हणजे मुले १०८, असा हिशेब करू नये. क्रमांक ही ओळख आहे, मोजणी नव्हे.

खरा धोका पुढेच आहे. वजने वेगळ्या तक्त्यात असतात. तिथे नाव नसते, फक्त क्रमांक असतो. तीन नावे एकदम लिहून ‘आता कोणता क्रमांक दिलास?’ असे विचारले, तर मायएसक्यूएल त्यांतला पहिला सांगते, एसक्यूलाइट शेवटचा. पोस्टग्रेस नोंद करतानाच तिन्ही देऊ शकते. मिळालेला क्रमांक पहिलाच असे धरून पुढचे अंदाजाने मोजले आणि तो शेवटचा निघाला, तर वजने भलत्याच मुलांच्या नावावर जातात.

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२-९३ मध्ये कुपोषणाने बालके दगावली. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघरमध्ये आहे. अशा ठिकाणी वजनांची अदलाबदल झाली, तर खंगलेले मूल कागदावर धडधाकट दिसेल. म्हणून नियम एकच: क्रमांक अंदाजाने मोजू नये, प्रत्येक मुलाचा क्रमांक संगणकालाच विचारून घ्यावा.