पाळीव कुत्रा-मांजर आणि करोना

२०२० सालच्या साथीत रोगाच्या धास्तीने काहींनी घरची कुत्री-मांजरे बाहेर घालविली. वस्तुतः हा संसर्ग बहुधा माणसाकडूनच प्राण्यांस होतो. त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये बाधित माणसांच्या घरांतील कुत्र्यांच्या तपासणीत तो प्रथम आढळला. मांजरांस तो अधिक सहज जडतो. दुखणे मात्र प्रायः सौम्य असते. कुत्र्यांची जुनी ‘करोना’ लस आतड्यांच्या निराळ्या विषाणूवरील आहे. कोविडवर तिचा उपयोग नाही. सरसकट तपासणीचीही जरूरी नाही. आजारी प्राणी पशुवैद्यकास दाखवावा. रुग्णाने प्राण्यास जवळ घेऊ नये; प्राण्याच्या अंगास जंतुनाशक लावू नये. रेबीजची लस मात्र चुकवू नये. शिक्षकबंधुभगिनींनी हे मुलांस समजावून द्यावे, म्हणजे भीतीपोटी मुके जीव पुन्हा बेघर होणार नाहीत.