साडेतीन टनांचा पोहरा

एप्रिल २०२४च्या अखेरीस नैनितालभोवतीची चीडची (पाइनची) जंगलं पेटली आणि हवाई दलाचं एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर भीमतालवर पाणी भरायला येऊ लागलं. काठावर उभं राहिलं की आधी अंगावर येतो तो पंख्याचा वारा. तळ्याचं पाणी गोलाकार विस्कटतं, तुषार उडतात, आणि त्या गदारोळात हेलिकॉप्टर मात्र जागच्या जागी तरंगत राहतं. पोटाखाली तारेला नारिंगी कापडी बादली लोंबत असते, तीच बांबी बकेट. तिच्या काठाला एका बाजूनं वजन लावलेलं असतं. विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखी ती पाण्याला टेकताच कलंडते, बुडते आणि भरते.

वैमानिकाला खालची बादली नीट दिसत नाही. वाकून पाहणारा सहकारी हेडफोनवर सांगेल तसं वर-खाली व्हायचं. बादलीत ३,५०० लिटर पाणी मावतं, म्हणजे वर उचलताना साडेतीन टनांचं ओझं तारेवर येतं. डोंगरातली हवा विरळ, त्यामुळे किती इंधन घ्यायचं याचाही हिशेब करावा लागतो.

खरी कसोटी पाणी सोडताना. बटण दाबलं की तळाची झडप उघडते. फार उंचावरून सोडलं तर पाणी वाऱ्यावर भुरभुरून जातं. फार खाली आलं तर पंख्याचा वाराच वणव्याला फुंकर घालतो. त्यात धुरामुळे झाडांचे शेंडेही धड दिसत नाहीत.

२०१२पासून हे हेलिकॉप्टर सेवेत आहे. २०१३च्या केदारनाथ प्रलयात त्यानं अडकलेल्या यात्रेकरूंना बाहेर काढलं. त्याच मोहिमेत गौरीकुंडजवळ एक हेलिकॉप्टर कोसळून २० जणांचा जीव गेला. पुढे २०२१मध्ये नागालँड-मणिपूर सीमेवरच्या झुकू खोऱ्यात आणि २०२२मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात वणव्यांवर अशाच बादल्या रित्या झाल्या.

तरीही वणवा हेलिकॉप्टरनं विझवला, हे अर्धंच खरं. पाण्यानं ज्वाळा बसतात. पिरूल, म्हणजे चीडच्या वाळक्या सुया, खाली धुमसतच राहतात. तिथं हिरव्या फांद्या घेऊन झोडपायला वनरक्षक आणि गावकरीच लागतात. म्हणून पिरूल उन्हाळ्याआधी गोळा करणं आणि जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, वेळेवर साफ ठेवणं, हाच पहिला उपाय. सह्याद्रीतल्या वणव्यांनाही हेच लागू आहे. हेलिकॉप्टर बोलवावं लागलं, म्हणजे जमिनीवरचं काम आधीच राहून गेलेलं असतं.