फोटोच्या पोटातली चिठ्ठी

पुतणीची हळद बालाघाटला आमच्याच अंगणात झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात देताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, फोटो सगळ्यायले द्या, पण सगळ्यायले नोका देऊ."

पहिल्यांदा मला हे नेहमीचं लग्नघरातलं बोलणं वाटलं. मग कामाला बसलो, आणि एवढ्या साध्या वाक्यात किती खोल पाणी आहे ते कळायला लागलं.

आमच्याकडच्या लग्नाला दोन राज्यं लागतात. १९५६पर्यंत बालाघाटची राजधानी नागपूर होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. सोयरीक मात्र नकाशा बघून होत नाही. आत्या तिरोड्याला, मामा आमगावला, चुलत बहीण पुण्याला. मांडवात तीसेक फोन फिरत होते, फोटोग्राफर वेगळा. दीड हजारांवर फोटो जमले, आणि ते कसे वाटायचे हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं.

सुरुवात म्हणून मी हळदीचा एकच फोटो संगणकावर उघडला आणि त्याचा 'तपशील' पाहिला. पाटावर बसलेली पुतणी, गालांवर हळद, मागे आंब्याचा डहाळा. आणि त्या चित्राच्या पोटात, डोळ्यांना न दिसणारी, एक चिठ्ठी. कोणत्या फोनने काढला, किती वाजून किती सेकंदांनी काढला, आणि कुठे उभं राहून काढला. या चिठ्ठीचं नाव एक्झिफ. १९९५ साली जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांच्या संघटनेने कॅमेऱ्यांसाठी तिचा नमुना ठरवून दिला. फोटो कसा काढला होता याची नोंद राहावी, एवढाच तिचा हेतू. जागेचा रकाना तिच्यात पुढे आला.

त्या जागेच्या रकान्यात दोन आकडे असतात, अक्षांश आणि रेखांश. मला त्यांनी अक्षरशः खिळवून ठेवलं. नुसतं २१ आणि ८० एवढंच वाचलं, तर बालाघाट आणि गोंदिया एकाच चौकोनात बसतात, कारण अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. १९५६ची सीमा त्या चौकोनात दिसतसुद्धा नाही. दशांश चिन्हापुढचा पहिला आकडा वाचला की चौकोन ११ किलोमीटरचा होतो, गोंदिया सुटतं, बालाघाट उरतं. दुसरा आकडा वाचला की आमचा मोहल्ला. तिसरा वाचला की गल्ली. चौथ्या आकड्याला चौकोन ११ मीटरचा होतो, आणि त्यात आमचं अंगण असतं. चार आकड्यांत एखाद्या घराच्या दारापर्यंत येता येतं!

हे फोनला कळतं तरी कसं? साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत आपली वेळ पुकारत असतात. ती हाक सेकंदाच्या पंधराव्या भागाच्या आसपास आमच्या अंगणात पोचते. प्रत्येक हाकेला किती उशीर झाला त्यावरून फोन त्या उपग्रहाचं अंतर काढतो, आणि किमान चार उपग्रहांची अंतरं जुळवून स्वतःची जागा. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर जागा ३०० मीटरने हुकते. म्हणून त्या उपग्रहांमध्ये अणुघड्याळं आहेत. नवरीच्या गालाला हळद लागली त्या क्षणी आकाशातली अणुघड्याळं कामाला लागली होती, आणि त्यांनी आमच्या घराचा पत्ता फोटोत लिहून ठेवला.

कान्हा व्याघ्र प्रकल्पाचा मुक्की दरवाजा आमच्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे जागा उघड होण्याची भीती आम्हाला वाघांमुळे आधी कळलेली. २०१३ साली पन्ना व्याघ्र प्रकल्पातल्या एका वाघाच्या, त्याची जागा कळवणाऱ्या गळपट्ट्याची माहिती ज्या ई-मेलवर येत असे, त्या खात्यात शिरण्याचा प्रयत्न झाला होता. तो वेळीच अडला. वाघ कुठे आहे हे सांगणारा आकडा जपावा लागतो, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा उमगलं. आमच्या हळदीला आलेल्या एका नातलग बाईंनी सासर सोडलंय आणि त्या सध्या कुठे राहतात हे मोजक्याच माणसांना माहीत आहे. त्यांच्यासाठी आमच्या अंगणाचे चार आकडे तेवढेच मोलाचे आहेत. वहिनींच्या मनात त्याच होत्या.

म्हणून पहिला प्रश्न चिठ्ठीचा. व्हॉट्सॲपवर फोटो हा फोटो म्हणून पाठवला, तर ही चिठ्ठी गळून पडते, आणि फोटोही बारीक होतो. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर चित्र पूर्ण दर्जाचं जातं आणि चिठ्ठीही जशीच्या तशी जाते. अल्बममध्ये छापायला चांगली प्रत हवी म्हणून लोक डॉक्युमेंटचा मार्ग धरतात, आणि सोबत काय गेलं याची त्यांना कल्पना नसते. पाठवण्याआधी फोनमध्ये जागेचा तपशील काढून टाकता येतो. दोन बोटांचं काम आहे.

दुसरा प्रश्न वाटेचा. बालाघाटहून पुण्याला जाताना फोटो मध्ये कोण पाहतं? इथे मला हळदच आठवली. नवरदेवाची उष्टी हळद नवरीकडे येते, उघड्या वाटीत, सगळ्यांच्या देखत. आता समजा, दोन्ही घरांकडे सारखीच हळद आहे, आणि प्रत्येक घर त्यात आपली एक गुपित पूड कालवतं. वाट्यांची अदलाबदल होते. आलेल्या वाटीत प्रत्येक घर आपली गुपित पूड पुन्हा कालवतं. दोन्हीकडे रंग सारखाच तयार होतो. गाडीत शेजारी बसलेल्या माणसाने दोन्ही वाट्या पाहिल्या, तरी त्याला तो रंग बनवता येत नाही, कारण कालवलेलं वेगळं करता येत नाही. कधीही न भेटलेली दोन माणसं उघड्या रस्त्यावर बोलून गुपित ठरवू शकतात, ही कल्पना व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली मांडली. फोनमध्ये पुडीच्या जागी प्रचंड संख्या असतात, एवढाच फरक.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये तर याहून सुंदर गोष्ट घडते. तुमचा फोन त्या एका फोटोसाठी एक किल्ली तयार करतो, २५६ बिटांची. तशा किती किल्ल्या होऊ शकतात ती संख्या लिहायला ७८ आकडे लागतात. फोटो त्या किल्लीने बंद होऊन कंपनीच्या संगणकावर जातो, जशी कुलूप लावलेली ट्रंक स्टेशनवर ठेवावी. किल्ली मात्र ट्रंकेसोबत राहत नाही. ती कुलूपबंद निरोपातून ग्रुपमधल्या एकेकाकडे जाते. व्हॉट्सॲपने २०१६मध्ये सगळ्यांसाठी हे चालू केलं, सिग्नलवरही असंच आहे. टेलिग्रामच्या साध्या ग्रुपमध्ये मात्र तसं नाही, तिथे किल्ली कंपनीकडेही असते. पुष्कळांना हे माहीत नाही, म्हणून आवर्जून सांगतो.

तिसरा प्रश्न ऑनलाइन अल्बमच्या लिंकचा. लिंकच्या शेवटी अक्षरांची माळ असते. समजा ती १६ अक्षरांची आहे आणि इंग्रजी लहान-मोठी अक्षरं नि आकडे मिळून ६२ चिन्हांतून बनली आहे. कुणी सेकंदाला १०० कोटी माळा घालून पाहू लागला, तर सगळ्या पाहून व्हायला दीड लाख कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. म्हणजे त्याच्या शंभरपटीहून जास्त. हे गणित करून मी खुर्चीत मागे टेकलो आणि हायसं वाटलं. मग आठवलं, की लिंक ओळखून काढायची कुणाला गरजच नाही. आमगावहून कुणीतरी ती प्रेमाने शाळेच्या जुन्या ग्रुपवर टाकेल, आणि माळ कितीही लांब असली तरी एका अंगठ्याने पुढे जाईल.

इथे मला वहिनींचं वाक्य पुरतं समजलं. ही सगळी कुलपं वाट राखतात. पोचल्यावर फोटो ज्याच्या हातात आहे, त्याच्यावर कुलूप नाही. आणि घोळक्याच्या फोटोत पंचवीस जण असतील, तर तो पंचवीस जणांचा आहे. त्यातल्या ज्या एका माणसाला तो बाहेर गेल्याने सर्वात जास्त त्रास होईल, त्याच्याकडे बघून वाट निवडावी, असं माझं ठाम मत झालंय. १९७६चं गणित एवढं ठरवून देत नाही. कायदाही देत नाही. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा घरगुती वापराला लागू होत नाही. आमच्या अंगणापुरता निर्णय आमचाच.

फोटोग्राफरने एक सोय सुचवली होती. पाहुण्याने आपला सेल्फी द्यायचा, आणि दीड हजारांतून त्याचे सगळे फोटो आपोआप निघतात. यंत्र चेहऱ्याचे आकडे करतं. २०१५ साली गूगलच्या संशोधकांनी एक चेहरा अवघ्या १२८ आकड्यांत मांडून दाखवला होता. हळद फासलेला, हसणारा, तिरपा, कसाही चेहरा असो, आकडे जवळजवळ तेच येतात. मी थक्क झालो, आणि नको म्हणालो. मांडवात चाळीसेक लहान मुलं होती. त्यांच्या चेहऱ्यांचे आकडे कुठे साठतील, किती वर्षं राहतील, हे त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय मी कोण ठरवणार?

शेवटी असं केलं. संगीत आणि हळदीचे फोटो ज्यांचे त्यांनाच, एकेकट्याला पाठवले. त्या नातलग बाईंचे फोटो त्यांनी स्वतः पाहून निवडले, बाकीचे मी पुसले. विधींचे फोटो घरच्या ग्रुपवर गेले. छापायच्या मोठ्या प्रतींसाठी अल्बम केला, लिंक बंद ठेवून, नाव घालून बोलावलेल्या माणसांपुरता, जागा लपवून. महिन्याने तो बंदही केला. तोवर ज्यांनी उतरवून घेतले त्यांच्याकडे ते राहणारच, हे सगळ्यांना आधी सांगितलं. पुण्याच्या बहिणीला हे फारच किचकट वाटलं आणि तिने तसं बोलूनही दाखवलं. वहिनी काही बोलल्या नाहीत, फक्त चहा पुन्हा भरला.

आत्याकडे साधा फोन आहे. तिच्यासाठी मी बारा फोटो छापून घेतले आणि गोंदियाच्या गाडीने स्वतः नेऊन दिले. तिने एकेक निरखून पाहिला. मग चष्मा लावून बॉलपेनने प्रत्येक फोटोच्या पाठीवर लिहिलं: हळद, बालाघाट, आणि तारीख. लिहून झाल्यावर बाराही फोटो साडीत गुंडाळून तिने पेटीत ठेवले आणि किल्ली कमरेला खोचली.