आपत्कालीन आरोग्यसेवा : लेखांक ६ – रुग्णवाहिकेत मागे बसतो तो कोण?

१०८ ला फोन लावल्यापासून गाडी दारात येईपर्यंत काय काय घडतं, ते मागच्या लेखांकात पाहिलं. आज गाडीचं मागचं दार उघडू. पेशंटच्या उशाशी जो बसतो, तो काय शिकून आलेला असतो? आणि काय शिकून यायला हवा?

पुण्याच्या येरवड्यात पेशंट हलवण्याआधी काय करायचं, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका फार मोठ्या माणसाच्या बाबतीत उभा राहिला होता. जानेवारी १९२४ मध्ये येरवडा तुरुंगात गांधीजींच्या पोटात दुखू लागलं. कर्नल मॅडॉक या सर्जननी अपेंडिक्सचं निदान केलं. १२ जानेवारीला गांधीजींना ससून रुग्णालयात हलवलं आणि त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. मध्येच वीज गेली आणि शेवटचं काम कंदिलाच्या उजेडात पुरं करावं लागलं. कंदिलाची ही हकिकत पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याआधी पेशंटची तपासणी जागेवरच झाली होती, काय झालंय ते ओळखलं गेलं होतं आणि कुठे न्यायचं ते ठरलं होतं. रुग्णवाहिकेत उपचार करणाऱ्या आजच्या पॅरामेडिकच्या शिक्षणाचा पायाही हाच आहे.

आजही येरवड्यातला अत्यवस्थ पेशंट नदी ओलांडून ससूनला जातो. महापालिकेचं राजीव गांधी रुग्णालय येरवड्यातच आहे, पण मोठी इजा झाली की घरच्यांच्या तोंडी पहिलं नाव ससूनचंच येतं. अंतर फार नाही. पण संध्याकाळी बंडगार्डनच्या पुलाकडे गाड्यांची रांग लागलेली असते आणि हृदय बंद पडलेल्या माणसाचा मेंदू प्राणवायूविना चार ते सहा मिनिटांत निकामी होऊ लागतो. गाडी कितीही जोरात हाकली तरी हे गणित जुळत नाही. म्हणून उपचार गाडीतच, किंबहुना गल्लीतच सुरू व्हावे लागतात.

हे शिकवतात कसं? पहिला धडा छाती दाबण्याचा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ऐकायला सोपं आहे. मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, दोन मिनिटं करून पाहा, खांदे भरून येतात आणि दाब आपोआप उथळ होतो. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, तोही हात न थांबवता, याचा सराव पुन्हा पुन्हा करून घेतात. मग श्वासमार्ग : बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडली तर हनुवटी कशी उचलायची, तोंडातलं रक्त सक्शनने कसं काढायचं, श्वास देणारी अंबू बॅग किती दाबायची. नवशिका घाबरून ती भराभर दाबतो, हवा पोटात जाते आणि पेशंटला उलटी होते. शुद्धीची मोजणीही शिकावी लागते. डोळे, बोलणं आणि हालचाल यांना गुण द्यायचे. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. ससूनला पोचल्यावर ‘पेशंट बेशुद्ध आहे’ एवढंच सांगण्यापेक्षा ‘घरी १३ होते, आता ९ आहेत’ हे सांगितलं, तर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला धोका त्याच क्षणी कळतो.

पुस्तकात सहसा न सापडणारा एक धडा येरवड्याच्या गल्ल्यांमध्ये मिळेल. वस्तीतल्या वरच्या खोलीत पडलेला माणूस, उभा लोखंडी जिना आणि स्ट्रेचर वळणार नाही एवढी अरुंद वाट. खाली चार जण ‘उचला, उचला’ म्हणत असतात. मानेला कॉलर लावून, पाठ सरळ ठेवून त्याला खाली आणणं ही विद्या आहे. ती अंगी नसेल तर मदतीला धावलेल्या हातांनीच मज्जारज्जूला कायमची इजा होऊ शकते.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये १०८ सेवा सुरू करताना वेगळी वाट धरली. योजनेत ९३७ गाड्या होत्या : २३३ प्रगत आणि ७०४ मूलभूत जीवनरक्षक. बऱ्याच राज्यांनी अशा गाडीत प्रशिक्षित तंत्रज्ञ बसवला, आपण डॉक्टर बसवला आणि तो बहुतेक वेळा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर. त्यांनाही हे काम वेगळं शिकावंच लागतं. पुण्यात सिंबायोसिसने अशा डॉक्टरांसाठी आपत्कालीन वैद्यकीय सेवेचा पदव्युत्तर डिप्लोमा चालवला. गाडीत डॉक्टर आहे म्हटल्यावर लोकांना धीर येतो, हे खरं. पण या निर्णयामुळे आपल्याकडे पॅरामेडिक हा स्वतंत्र पेशा उभाच राहिला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. अनेक डॉक्टरांसाठी गाडी हा पुढच्या नोकरीपर्यंतचा मुक्काम ठरतो. हेच काम आयुष्यभर करायचं म्हणून शिकलेला माणूस आपल्याला हवा आहे.

असा माणूस वस्तीतून घडू शकतो, हे पिट्सबर्गने दाखवून दिलं. या अमेरिकी शहरातल्या हिल डिस्ट्रिक्ट या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत पेशंटला बहुधा पोलिसांच्या गाडीत घालून नेत, उपचार काहीच नसत. १९६७ मध्ये पीटर सफार या भूलतज्ज्ञाने तिथल्याच बेरोजगार तरुणांना हाताशी धरलं. त्यांतल्या काहींचं शालेय शिक्षणही अर्धवट राहिलेलं होतं. सफारने त्यांना सुमारे ३०० तासांचं कसून प्रशिक्षण दिलं. ‘फ्रीडम हाउस’ ही त्यांची रुग्णवाहिका सेवा साऱ्या देशाला वाट दाखवणारी ठरली. डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी याच अनुभवातून पुढे पॅरामेडिकचा अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक लिहिलं. १९७५ मध्ये शहराने ती सेवा बंद करून आपली नवी सेवा उभारली आणि या तरुणांपैकी बहुतेक जण तीत हळूहळू बाजूला पडले. हा अन्याय मला फार लागतो.

आता कायद्याने आपल्याकडेही दार उघडलं आहे. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाला मान्यताप्राप्त व्यावसायिकांच्या यादीत जागा दिली. सहयोगी व्यावसायिकाच्या डिप्लोमा किंवा पदवीसाठी किमान २,००० तास आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३,६०० तास हेही ठरवून दिलं. येरवड्यातल्या बारावी विज्ञान झालेल्या मुला-मुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. थोड्या महिन्यांत ‘पॅरामेडिक’ करून देतो म्हणणाऱ्यांच्या जाहिराती जागोजागी दिसतात. फी भरण्याआधी तिथे विचारा : कोणत्या विद्यापीठाशी किंवा मंडळाशी संलग्न आहात? या कायद्याखालच्या राज्य परिषदेकडे नोंदणी होईल का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कॅज्युअल्टीत आणि रुग्णवाहिकेत विद्यार्थी किती तास उभा राहतो? शेवटच्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळत नसेल, तर तिथे पैसे घालू नयेत. रात्रपाळीत उभं राहून शिकलेलंच गाडीत उपयोगी पडतं. वर्गात बसून सलाईन लावायला कोणी शिकलेलं नाही.

मुलींनी या कामात यावं की नाही, अशी शंका घरोघरी निघते. जरूर यावं. बाळंतीण गाडीतच अडली तर शेजारी प्रशिक्षित बाई असणं किती मोलाचं, हे वस्तीतल्या कुठल्याही आजीला विचारून पाहा.

पुढच्या लेखांकात कॅज्युअल्टीच्या दारात पेशंट सोपवताना होणाऱ्या एक-दोन मिनिटांच्या बोलण्याविषयी. तिथे काय सांगायचं राहून जातं आणि त्यासाठी घरच्यांनी कोणते कागद हाताशी ठेवावेत, ते पाहू.