भोकरदनच्या मातीत शिंपले आले कोठून?

शेत नांगरताना किंवा विहीर खणताना शिंपल्याचा तुकडा हाती लागला, की ‘येथे पूर्वी समुद्र होता’ असा निष्कर्ष हमखास काढला जातो. जालना जिल्ह्यातील भोकरदन परिसरात तो सहसा टिकत नाही.

येथील भूमी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार घडले. मात्र दोन उद्रेकांमधील शांत काळात तळी निर्माण झाली, त्यांत गोगलगायी वाढल्या आणि पुढच्या लाव्हारसाने तो गाळ झाकला गेला. यांनाच ‘अंतरा-ट्रॅपी थर’ म्हणतात. नागपुरातील टाकळीच्या अशाच थरांचा अभ्यास स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी १८५० च्या दशकात केला. या थरांची खूण ठरलेली ‘फायसा’ ही गोगलगाय गोड्या पाण्यातील. तिच्या शंखाचा पीळ डावा असतो. समुद्री जीवाश्म पाहायचे तर मध्य प्रदेशातील बाघ परिसर गाठावा लागतो. लाव्हारसापूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता, त्याचे पुरावे तेथील चुनखडकात आहेत.

आपल्याकडे खडकात ‘पोवळे’ सापडल्याचे सांगितले जाते, ते बहुधा बेसाल्टच्या पोकळीत वाढलेले झिओलाइटचे पांढरे स्फटिक असतात. तो खनिजाचा फुलोरा; जिवाशी त्याचा संबंध नाही.

मग समुद्री शंख भोकरदनला मुळीच नाहीत काय? आहेत, पण ते माणसाने आणलेले. सातवाहनकाळात हे नगर ‘भोगवर्धन’ म्हणून ख्यात होते. सांचीच्या शिलालेखांत येथील दात्यांचे उल्लेख आहेत. नागपूर विद्यापीठ आणि तत्कालीन मराठवाडा विद्यापीठ यांनी १९७३ मध्ये येथे उत्खनन केले. त्यात हस्तिदंती कलाकृती आणि मण्यांसोबत शंखाच्या बांगड्याही मिळाल्या. शेकडो किलोमीटर दूरच्या किनाऱ्यावरून आलेला हा माल व्यापाराचा साक्षीदार आहे.

ओळख फारशी अवघड नाही. जीवाश्म खडकात रुतलेला, स्वतःच दगड झालेला असतो. बांगडीच्या तुकड्यावर करवतीची सरळ कड दिसते. केळना नदीच्या गाळातील शिंपला हलका व ठिसूळ असतो. पांढरीच्या टेकाडावर असा तुकडा दिसल्यास तो उचलू नये. कोणत्या थरात, कशाशेजारी होता, हे कळेनासे झाले की अभ्यासकाच्या दृष्टीने त्याचे निम्मे मोल तेथेच संपते.