एमआरआय ‘नॉर्मल’, मग ग्रंथी कशासाठी काढायच्या?

पाळी जाऊन दहा वर्षे झालेल्या बाईला पुन्हा रक्त दिसते. कुणाला सांगायचे, म्हणून ती दोन-तीन महिने अंगावर काढते. मग सोनोग्राफी, अस्तराचा तुकडा तपासणीला आणि निदान होते ते गर्भाशयाच्या कर्करोगाचे. ओटीपोटाच्या एमआरआयमध्ये लिहिलेले असते, ‘लसिकाग्रंथी वाढलेल्या नाहीत.’ घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. तरीही डॉक्टर शस्त्रक्रियेत ग्रंथी तपासायला काढू म्हणतात, तेव्हा संशय येतो.

गर्भाशयातून सुटलेल्या कर्करोगाच्या पेशी बहुधा आधी या ग्रंथींत अडकतात. एमआरआय मुख्यतः ग्रंथीचा आकार बघतो. आडव्या मापात साधारण ८ ते १० मिलिमीटरपेक्षा मोठी ग्रंथी संशयास्पद धरतात. गोची इथेच आहे. पाच मिलिमीटरच्या ग्रंथीतही मूठभर पेशी दडलेल्या असू शकतात, आणि जंतुसंसर्गाने फुगलेली ग्रंथी अगदी निर्दोष असू शकते. ‘डिफ्यूजन’ तंत्राने ग्रंथी ठळक दिसतात, पण सूक्ष्म प्रसार त्यातूनही निसटतो.

म्हणून तपासणी वाया गेली असे नाही. गाठ गर्भाशयाच्या भिंतीत किती खोल शिरली, हे एमआरआय चांगले सांगतो. ती निम्म्याच्या पुढे गेली असेल तर ग्रंथींत प्रसाराची शक्यता वाढते.

मग सरसकट सगळ्याच ग्रंथी काढाव्यात का? पूर्वी तसे होई. पण त्याने पायांना कायमची सूज येऊ शकते. शिवाय २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,४०८ स्त्रियांच्या ‘अ‍ॅस्टेक’ चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यात सरसकट ग्रंथी काढल्याने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. आता मधला मार्ग आहे. गर्भाशयमुखात हिरवा रंग टोचायचा, विशेष कॅमेऱ्याने तो आधी पोचतो ती ‘सेंटिनेल’ ग्रंथी शोधायची आणि तेवढीच काढायची. २०१७ च्या ‘फायर्स’ अभ्यासात, प्रसार असलेल्या ज्या स्त्रियांमध्ये अशी ग्रंथी सापडली, त्यांच्यापैकी सुमारे ९७ टक्के जणींचा प्रसार तिने दाखवून दिला. हा कॅमेरा सगळीकडे नसतो. शस्त्रक्रियेपूर्वी विचारून घ्यावे.

डॉक्टरांकडे जाताना नुसता रिपोर्ट नको, एमआरआयची सीडी आणि तुकड्याच्या तपासणीचा कागदही न्यावा. पेशी किती आक्रमक आहेत ते त्या कागदावरच असते, आणि नेमका तोच घरी राहतो.